महागडे कार्बन शूज आणि दर उन्हाळ्यात बधिर होणारी बोटं: घोडं नक्की कुठे पेंड खातंय?

तक्रार बहुतेकांची एकाच साच्यातली असते. पहाटे साडेपाचला बोरिवलीहून किंवा मुलुंडहून सायकलवर निघालं की पहिला दीड तास झकास जातो. मग ऊन चढायला लागतं आणि चवड्याखाली आधी ऊब, मग चुरचुर, मग सरळ आग. काहींना आग होत नाही, मुंग्या येतात; करंगळीकडची तीन बोटं जागेवर आहेत की नाहीत हेच कळेनासं होतं. सिग्नलला पाय टेकला, बोटं हलवली, की दोन मिनिटं बरं वाटतं. पुढच्या उड्डाणपुलावर पुन्हा तेच. आणि हे रस्त्यावरच्या स्वस्त बुटात होत नाही, तीस-पस्तीस हजार मोजून घेतलेल्या कार्बन सोलच्या शूजमध्ये होतं, त्यामुळे तळपायाची आग मस्तकाला जाते.

पुढचंही ठरलेलं. चहाच्या टपरीवर विषय निघतो. एक जण म्हणतो इनसोल (शूजमधली आतली गादी) बदल, दुसरा म्हणतो क्लीट (शूजच्या तळाला बसवलेला, पेडलमध्ये अडकणारा तुकडा) मागे घे, तिसरा आपल्या ब्रँडचं कौतुक सांगतो. माणूस वैतागून सगळंच एकदम करतो. डिसेंबर-जानेवारीत पाय शहाण्यासारखे वागतात, प्रश्न सुटला असं वाटतं, आणि मार्च संपता संपता दुखणं परत दारात उभं. हे लिखाण खास अशा लोकांसाठी, ज्यांचं दुखणं एकदा तरी ‘गेलं’ होतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मुंबईत या दुखण्याचा पहिला संशयित म्हणजे शूजची पुढची रुंदी. दुसरी क्लीटची जागा. तिसरा आपला डायल, म्हणजे शूज आवळायची फिरकी, पिळायचा सोस. ब्रँड, सोल किती ताठ, शूज किती ग्रॅमचा, हे सगळे फार मागच्या रांगेतले. पण पैसे सगळ्यात आधी खर्च होतात ते याच मागच्या रांगेवर. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

आत काय होतं

चवड्यात पाच लांब हाडं असतात, मेटाटार्सल. त्यांची पुढची गोल टोकं म्हणजे आपण ज्यावर पेडल दाबतो तो भाग. या हाडांच्या मधल्या फटींतून बोटांकडे जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या जातात. बाजूंनी शूज आवळला की टोकं एकमेकांजवळ येतात आणि नस चिमटीत सापडते. खालून एकाच ठिकाणी दाब बसला तर ती चेपते. मुंग्या, बधिरपणा, आग या सगळ्या त्याच नसेच्या तक्रारी.

चालताना पाऊल टाचेपासून बोटांपर्यंत लाटेसारखं वाकतं, दाब फिरत राहतो. सायकलवर तो फिरत नाही. कॅडन्स, म्हणजे मिनिटाला पेडलचे फेरे, ८० धरली तर एका पायाचे तासाला ४,८०० दाब, तेही त्याच ठिकाणी. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळात पुरी करायच्या लांब राइडला, साडेतेरा तासांची मुदत असते. त्यातले आठ तास जरी प्रत्यक्ष पेडल मारलं तरी प्रत्येक पायाचे ३८,४०० दाब होतात. कार्बन सोल न वाकण्यासाठीच बनवलेला असतो, वरचं मायक्रोफायबर न ताणण्यासाठीच निवडलेलं असतं. म्हणजे शूज आपल्या जागी ठाम आणि पाऊल मात्र बदलत राहतं.

किती बदलतं? उन्हात रक्तवाहिन्या रुंदावतात, तासन् तास पाय खाली लोंबकळत असतात, पाऊल सुजतं. मुंबईच्या दमट हवेत घाम उडत नाही, तो पोटरीवरून ओघळत मोज्यात जमा होतो. पहाटे मापात बसलेला शूज साडेआठला मापात राहत नाही. थंडीत दुखणं ‘बरं’ होतं ते यामुळे: इनसोलने काही केलेलं नसतं, पाऊल तेवढं सुजलेलं नसतं.

औषधाआधी निदान

काहीही विकत घेण्याआधी दोन-तीन राइड नुसतं निरीक्षण करा. एकच रस्ता, एकच वेळ, तेच मोजे. पामबीच मार्ग यासाठी उत्तम: वाशी ते बेलापूर सरळ, सपाट, पेडल सतत चालू. जे होतं ते तिथे लवकर होतं. ठाणेकरांनी येऊरच्या चढावर करून बघायला हरकत नाही, पण चढावर जोर जास्त आणि कॅडन्स कमी, त्यामुळे खालचा दाब वाढतो आणि बाजूचा आवळ वेगळा ओळखू येत नाही.

आग सुरू झाली की सायकल बाजूला घ्या, पाय टेका, आणि फक्त डायल सैल करा. पाय शूजमधून काढू नका, चालू नका. दोन-तीन मिनिटांत बरं वाटलं तर दाब वरून किंवा बाजूने येतोय: रुंदी, डायल, मोजे. सैल करून फरक नाही, पण उतरून चार पावलं चालल्यावर बरं वाटलं, तर दाब खालून येतोय: क्लीट, इनसोल, कॅडन्स. ही एक चाचणी अर्धं काम करते, आणि ती करायचा कंटाळा लोक का करतात हे मला कळलेलं नाही.

दुसरं बघायचं ते जागेचं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर नव्वद टक्के लक्ष रुंदीवर ठेवा. अंगठ्यामागच्या गादीत आग असेल तर क्लीट आणि पावलाचा कल. बधिरपणा पावलाच्या वरच्या बाजूला, शिरांवर असेल तर वरचा डायल किंवा शूजच्या जिभेची घडी. आणि एकाच पायाला होत असेल तर शूजवर एवढ्यात ठपका ठेवू नका. शूज दोन्ही सारखे असतात, पाय नसतात.

घरी ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, बसणाऱ्यांना हे दुखणं जास्त लवकर गाठतं. तिथे उतार नाही, सिग्नल नाही, उभं राहून पेडल मारणं कमी. पायाला सुट्टी अशी मिळतच नाही. दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट उभे राहा. एवढ्याने भागत असेल तर सुदैव समजा.

रुंदी: इथे वेळ घालवा

संध्याकाळी, दिवसभर हिंडून आल्यावर, शूजमधून इनसोल काढा आणि फरशीवर ठेवा. त्याच्यावर सगळं वजन टाकून उभे राहा आणि कोणाला तरी वरून फोटो काढायला सांगा. स्वतः वाकून पाहू नका, वाकलं की वजन सरकतं. करंगळीच्या मुळाशी, जिथे पाऊल सगळ्यात रुंद असतं, तिथे मांस इनसोलच्या कडेबाहेर आलेलं दिसतं का? थोडंसं येणं चालतं, वरचं कापड तेवढं सामावून घेतं. पेन्सिलीएवढं बाहेर असेल तर पुढचे सगळे उपाय वरवरचे आहेत.

मग शूज उलटा धरा आणि बाहेरच्या कडेला बोट फिरवा. कार्बन सोलची कड संपते तिथे वरचं कापड सरळ खाली उतरायला हवं. अरुंद शूजमध्ये करंगळीच्या मुळाशी ते कडेवरून बाहेर फुगलेलं असतं. जुन्या शूजवर त्या फुगवट्याला क्रँकच्या बाजूला नव्हे, बाहेरच्या अंगाला घासल्याची पांढरट खूण आणि कापडात आडव्या सुरकुत्या दिसतात. इनसोल काढून पाहिलं तर नेमक्या त्याच ठिकाणी तो कडेला वर वळलेला आणि चपटा झालेला असतो. ही तीन चिन्हं एकत्र दिसली की वाद संपला. पाऊल सोलवर बसलेलं नाही, कडेवरून सांडतंय.

आता इथे एक हमखास घोटाळा होतो. रुंदी कमी पडतेय म्हणून लोक एक साइझ मोठा घेतात. दुकानदारही तेच सुचवतो, कारण त्याच्याकडे वाइड फिटिंग स्टॉकमध्ये नसतं आणि ४४ असतो. आमच्या ग्रुपमधल्या एका डोंबिवलीकराला तर दोन साइझ मोठा शूज गळ्यात मारला होता, ‘साहेब, सुजायला जागा हवी’ म्हणून. वाक्य बरोबर, उपाय चूक. साइझ वाढला की रुंदी नावाला वाढते, लांबी मात्र पुरती वाढते. लांब शूजमध्ये क्लीटची भोकं पावलाच्या मानाने पुढे जातात, त्यामुळे क्लीट शेवटपर्यंत मागे ओढूनही बोटांखालीच राहतो. शिवाय टाच आत हलते. टाच हलली की माणूस डायल अजून पिळतो. म्हणजे ज्या आवळण्यापासून सुटायचं होतं तेच पुन्हा, वर क्लीट चुकीच्या जागी. एका दुखण्याची तीन झाली.

लांबीला लांबी आणि रुंदीला रुंदी, वेगवेगळी मोजा. भिंतीला टाच टेकवून वर्तमानपत्रावर उभे राहा, पेन सरळ उभं धरून कड आखून घ्या, लांबी आणि सगळ्यात रुंद जागा दोन्ही मिलिमीटरमध्ये लिहा, दोन्ही पायांची. मोठ्या पायाचं माप खरं. शिमानोच्या तक्त्यात ४३ म्हणजे २७.२ सेंटीमीटर, बाकी कंपन्यांचे ४३ याच्याशी जुळतीलच असं नाही, म्हणून युरोपियन आकड्यावर न जाता सेंटीमीटरवर जा. वाइड फिटिंग मिळणारे ब्रँड आहेत: शिमानोच्या एस-फायरमध्ये वाइड येतो, सिडीमध्ये ‘मेगा’ नावाने, स्पेशलाइज्डच्या एस-वर्क्समध्येही वाइड आहे, आणि लेक तर रुंद पायवाल्यांचा ब्रँड म्हणूनच ओळखला जातो. बाँटचे शूज ओव्हनमध्ये गरम करून पायाच्या आकारावर बसवता येतात. ते त्यासाठीच बनवलेले असतात. दुसऱ्या कुठल्या कार्बन शूजवर हेअर ड्रायर किंवा ओव्हनचा प्रयोग करू नका, चिकटवलेला सोल सुटेल.

मोचीकडून ताणून घेता येईल का, हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. चामड्याचा ऑफिस शू ताणतो तसं मायक्रोफायबर ताणत नाही, आणि सोलची कार्बनची कड तर कोणालाच हलवता येत नाही. तो नाद सोडा. पण दादर-परळच्या फुटपाथवर बसणारे जुने कारागीर दुसऱ्या कामाला लाख मोलाचे आहेत, ते पुढे येईल.

नवा शूज घेणं लगेच शक्य नसेल तर जागा आतून काढा. जाड मोजे फेकून पातळ सिंथेटिक मोजे घाला. सुती मोजा घामाने भिजून जाड होतो आणि चुणीही पाडतो. मूळ इनसोल जाड फोमचा असेल तर पातळ घालून पाहा. लेसचे शूज असतील तर बोटांकडची पहिली भोकांची जोडी मोकळी सोडून लेस दुसऱ्या जोडीपासून ओवा. याने शूज रुंद होत नाही, पण एप्रिल-मे निघतो.

डायल

दोन डायलवाल्या शूजमध्ये पायाला धरून ठेवायचं काम वरच्या डायलचं, घोट्याजवळच्या. खालच्या डायलने फक्त कापडातला ढिलेपणा काढायचा, एवढंच. स्प्रिंट मारताना सुद्धा जोर टाच आणि पायाच्या वरच्या कमानीवर धरला जातो, चवडा दाबून वॅट वाढत नाहीत. टीव्हीवर रेसचे रायडर शेवटच्या किलोमीटरला वाकून डायल फिरवताना दिसतात, ते बघून आपल्याकडे लोक कांदिवलीपासूनच पिळून बसतात. त्यांना पुढे एक किलोमीटर जायचं असतं, आपल्याला पालघरला जाऊन परत यायचं असतं.

निघताना दोन्ही डायल नेहमीपेक्षा दोन क्लिक सैल ठेवा. पहिली पंधरा मिनिटं शूज ढिला वाटेल, वाटू द्या. पहिल्या तासानंतर घट्ट करायच्या ऐवजी खालचा अजून एक क्लिक सोडा. इथे आपला बोआ कंपनीचा डायल कोणत्या जातीचा आहे ते माहीत हवं. एल-सिक्स प्रकारात क्लिक फक्त घट्ट करायला असतात. सैल करायचं तर डायल वर ओढून पूर्ण सोडायचा आणि पुन्हा आवळायचा. आयपी-वन आणि एलआय-टू दोन्ही बाजूंना क्लिक घेतात. एल-सिक्सवाल्यांनी हे काम थांबूनच करावं. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर बसच्या शेजारी वाकून डायल ओढणारे मी पाहिलेत, आणि पाय बधिर असणं त्यापेक्षा बरं.

डायल अडकत असेल, क्लिक घेत नसेल, तर आत वाळू आणि मीठ बसलंय. कोमट पाणी, जुना टूथब्रश, बस. तुटला असेल तर बोआची डायल आणि तारेवरची हमी त्या शूजच्या आयुष्यभराची असते, सुटे भाग मागवता येतात. त्यासाठी नवा शूज घ्यायची गरज नाही.

क्लीट

डायल सैल करून फरक पडला नाही, अशांनी इथे थांबा.

१९८५ साली बर्नार्ड इनोने लूक कंपनीच्या क्लिपलेस (क्लीट अडकवायच्या) पेडलवर टूर द फ्रान्स जिंकली आणि तीन बोल्टांचा क्लीट रोड शूजवर कायमचा बसला. पण तो पावलाच्या नेमका कुठे यावा याबद्दलची पिढीजात समजूत, ‘अंगठ्यामागच्या गाठीच्या बरोबर खाली’, ही छोट्या, जोरकस रेससाठी ठीक असेल. लांब राइडला क्लीट त्याच्या मागे हवा.

शूज घालून, डायल नेहमीएवढा आवळून, बोटाने चाचपा. अंगठ्याच्या मुळाशी हाडाची गाठ लागेल, तिथे शूजवर बाहेरून मास्किंग टेपचा तुकडा लावून रेघ मारा. करंगळीच्या मुळाशी दुसरी गाठ लागेल, ती थोडी मागे असते. तिथे दुसरी रेघ. पेडलचा आस या दोन रेघांच्या मध्ये कुठेतरी यायला हवा, आणि आग होत असेल तर मागच्या रेघेच्या जवळ. शिमानोच्या क्लीटवर बाजूला आसाची लहान खूण असते, ती जुळवा. बहुतेक तक्रारखोर शूजमध्ये ती पुढच्या रेघेच्याही पुढे सापडते.

एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच मागे घ्या. पाच मिलिमीटर मागे गेलात तर सीट दोन-तीन मिलिमीटर खाली घ्या, नाहीतर पाय ताणला जाऊन गुडघ्यामागे ओढ बसेल. बोल्ट एम-५, अ‍ॅलन की ४ मिमीची, शिमानोचा टॉर्क ५ ते ६ न्यूटन-मीटर. टॉर्क रेंच नसेल तर लांब दांड्याची की वापरू नका, कार्बन सोलमधला नट फिरला की काम वाढतं. आटे कोरडे ठेवू नका, ग्रीस लावा. समुद्राची हवा आणि पावसाचं पाणी मिळून हे बोल्ट असे धरतात की पुढच्या वर्षी ड्रिल मारून काढावे लागतात.

फ्लोटही तपासा, म्हणजे पेडलवर अडकलेलं पाऊल डावी-उजवीकडे किती अंश फिरू शकतं ते. शिमानोचे लाल क्लीट ० अंश, निळे २, पिवळे ६. लूक किओत काळे ०, राखाडी ४.५, लाल ९. म्हणजे शिमानोचा लाल सगळ्यात ताठ आणि लूकचा लाल सगळ्यात मोकळा. उसने क्लीट लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. बिनाफ्लोटचे क्लीट ‘प्रो वापरतात’ म्हणून लावले असतील तर काढा. पाऊल ज्या कोनात राहायला बघतं त्या कोनात राहू न दिल्यास ते शूजच्या आत एका भिंतीवर रेलून बसतं, आणि त्या बाजूची बोटं बधिर होतात.

आता मूळ दुखणं परत का येतं, त्याचं दुसरं मोठं कारण. क्लीट झिजतात. आपल्याकडे तर लवकर, कारण फूटपाथ, स्टेशनचा पूल, टपरी, सगळीकडे आपण क्लीटवरच चालतो. पिवळ्या क्लीटच्या रंगीत गाद्या घासून गेल्या की पाऊल पेडलवर किंचित डुलायला लागतं. नवे क्लीट लावायला शूज दुकानात दिला जातो, तिथला पोऱ्या जुने काढून नवे ‘मधोमध’ लावून देतो, आणि आपण महिनाभर मिलिमीटर मिलिमीटरने शोधलेली जागा पाच मिनिटांत जाते. पाय पुन्हा जळायला लागले की दोष उन्हाला. जुना क्लीट काढण्याआधी त्याच्या भोवती चंदेरी पेनाने कड आखा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि शक्य असेल तर हे काम घरीच करा, अवघड काही नाही.

पावलाखाली

क्लीट योग्य जागी आणि तरी खालून आग, तर आधार कमी आहे. बहुतेक महागड्या शूजमधला मूळ इनसोल म्हणजे छापील फोमची पट्टी असते. एवढ्या किमतीत ही चालूगिरी मला अजून पटत नाही. कमानीला खालून आधार नसला की सगळं वजन चवड्यावर येतं. कमानीचा आधार असलेला इनसोल इथे खरंच काम करतो, फक्त त्याने शूजमधली जागा कमी होते हे विसरू नका. रुंदीचा प्रश्न सुटला नसताना जाड इनसोल घालणं म्हणजे स्वतःच्या हाताने शूज अजून आवळणं.

तिसऱ्या-चौथ्या बोटाच्या मध्ये कळ येत असेल तर मेटाटार्सल पॅड करून पाहा. सर्जिकल सामानाच्या दुकानात स्वस्तात मिळतं. ते हाडांच्या टोकांखाली लावायचं नसतं, टोकांच्या मागे लावायचं असतं, म्हणजे हाडं थोडी पसरतात आणि नसेला वाट मिळते. टोकांखाली लावलं तर आग दुप्पट. आणि इथे तो फुटपाथवरचा कारागीर कामाला येतो: जागा पेनाने दाखवली की इनसोलच्या खालच्या बाजूने पातळ चामड्याचा तुकडा कडा तासून असा चिकटवून देतो की पायाला कड लागत नाही. दुकानातल्या पॅडची कड हमखास लागते.

वेजचा, म्हणजे पावलाला कल देणाऱ्या पाचरीचा, विषय मी इथे उघडणार नाही. स्पेशलाइज्डच्या सोलमध्ये १.५ मिमीचा कल आधीच दिलेला असतो, त्यावर अजून वेज चढवणाऱ्यांनी निदान एवढं माहीत करून घ्यावं. बाकी ते काम पाय बघून सायकल बसवून देणाऱ्या चांगल्या फिटरचं.

जड गिअर हे बिनखर्चाचं कारण राहिलं. समोरून वारा असताना ६५ च्या कॅडन्सने रेटत राहिलात तर प्रत्येक दाब जड. एक गिअर हलका करा, ८५ वर या. काहींचं दुखणं एवढ्यावरच थांबतं आणि मग त्यांना उगाच वाईट वाटतं, की कार्बनवर खर्च का केला.

पावसाळा

जून ते सप्टेंबर आग कमी होते पण बधिरपणा टिकतो, कारण भिजलेला मोजा आणि फुगलेला इनसोल मिळून जागा खातात. घरी आल्यावर इनसोल बाहेर, शूजमध्ये वर्तमानपत्राचे बोळे, दोन तासांनी बोळे बदला, पंख्याखाली ठेवा. उन्हात किंवा गिझरवर नको. इनसोल ओलाच राहिला की महिनाभरात चवड्याखाली दबून पातळ होतो, आणि ऑक्टोबरच्या उन्हात पहिल्याच लांब राइडला त्याचा हिशोब मिळतो. दर पावसाळ्यानंतर इनसोल बदलणं हा माझ्या लेखी खर्च नाही. बुरशीचा वास येत असेल तर त्याच दिवशी फेका.

शूजचा दोष नाही, हे कधी ओळखायचं

राइड संपून काही तास झाले तरी बधिरपणा जात नसेल, रात्री झोपेत तळवे जळत असतील, किंवा एकाच पायात कंबरेपासून ओढ येत असेल, तर शूज बदलत बसू नका, डॉक्टरकडे जा. साखर आणि बी-१२ दोन्ही तपासून घ्या. मधुमेहात आणि बी-१२ कमी असताना पाय असेच जळतात, आणि आपल्या शाकाहारी सायकलवाल्यांमध्ये बी-१२ कडे कोणाचं लक्ष नसतं. चवडा बाजूंनी दाबल्यावर तिसऱ्या-चौथ्या बोटांमध्ये कळ किंवा टक् होत असेल तर ती मॉर्टनची नस (बोटांच्या मधली जाड झालेली नस) असू शकते. १८७६ साली मॉर्टन या डॉक्टरने तिचं वर्णन केलं, तेव्हा कार्बन सोल नव्हते. ऑर्थोपेडिककडे जाताना सायकलचे शूज आणि इनसोल पिशवीत घेऊन जा. नुसता पाय दाखवला तर ‘सायकल बंद करा’ एवढंच ऐकून परत याल.

नवा घ्यायचाच असेल तर

दुकानात संध्याकाळी जा, शक्यतो राइडच्या दिवशी. आपले मोजे आणि आपला इनसोल घेऊन जा. शूज घालून नुसतं उभं राहून काही कळत नाही. दुकानात ट्रेनर असेल तर त्यावर, नसेल तर शूज आवळून तिथेच वीस मिनिटं बसा, गप्पा मारा, चहा मागवा. घातल्या घातल्या जो शूज ‘एकदम फिट’ वाटतो तो मे महिन्यात लहान पडणार. बोटं वर-खाली हलली पाहिजेत, करंगळीच्या बाजूला कापड बोटाने चिमटीत धरता आलं पाहिजे, आणि टाच उचलली तर सुटता कामा नये. परदेशातून मागवणार असाल तर आधी तोच मॉडेल, तीच रुंदी कोणाच्या तरी पायातली घालून पाहा. ड्यूटी भरून आलेला शूज परत पाठवणं जवळजवळ कोणालाच परवडत नाही, मग तो तसाच वापरला जातो.

आणि सोलच्या ताठरतेचा आकडा विचारूच नका. शिमानो १२ लिहिते, दुसरी कंपनी तिच्या मोजपट्टीने दुसराच आकडा लिहिते, दोन्हींची तुलना होत नाही. रुंदीचा तक्ता मागा. तो दाखवता येत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.